मावसोबांची औंढ्याची वारी

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे मावसोबा, यांच्याइतका भित्रा माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसावा. विहिरीत कुणी वाकलं की हे मागून त्याचं धोतर धरून उभे राहत. आभाळ भरून आलं की विजेच्या भीतीनं पितळी भांडी पोत्याखाली झाकत, आणि निरभ्र असलं की पाऊस पडतो की नाही या घोरानं रात्रभर जागत. मावशी म्हणे, "काळजी न्हाई भेटली तर हे शेजाऱ्याची मागून आणतील."

अशा माणसाला, रझाकारांच्या त्या धामधुमीत, मावशीनं औंढ्याला न्यायचं ठरवलं. नागनाथाचं दर्शन कितीदा तरी राहून गेलं होतं. गाडी मी हाकत होतो. वाटेत भेटेल त्याला मावसोबा विचारत, "म्होरं बराबर हाय ना?" तो "हाय" म्हणाला की मला म्हणत, "हा काहून एवढ्या लवकर हाय म्हणला?" डोंगरउतारावर पळस असा पेटला होता की मावशी गाडी थांबवून बघत राहिली. मावसोबांना त्या झाडांमागं फक्त दबा धरून बसलेली माणसं दिसत होती.

औंढा डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव, पण देवळाच्या वाटेवर रंगांची नुसती उधळण. निळ्या भिंती, गुलालाचे ढीग, हिरव्या-जांभळ्या बांगड्यांच्या माळा. दर्शन झालं आणि मावशी कासाराच्या दुकानात बसली. एक हात भरून झाला, दुसऱ्यात दोनच बांगड्या चढल्या होत्या, तोच बाजारात ओरड उठली, "घोडेस्वार येऊन राहिले!" धडाधड दुकानांच्या फळ्या लागू लागल्या. गुलालाचा एक ढीग पायाखाली तुडवला गेला.

"उठा बाई," कासार म्हणाला. "मला बी लेकरं हायती."

मावशी उठू लागली. मावसोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"हात पुरा भर," ते कासाराला म्हणाले. "अर्ध्या हातानं सवाशीण उठत न्हाई."

"मालक, जीव जाईल."

"व्हय. माझाच जाईल. म्हणून तर म्हणून राहिलो."

कासारानं घाईघाईनं हात भरला. एक बांगडी फुटली, तर मावसोबांनी दुसरी भरायला लावली. तेवढा वेळ ते आमच्याकडे पाठ करून दारात उपरणं पसरून उभे होते, जणू त्या उपरण्याआड दुकान दिसणारच नव्हतं. मग कासारानंच देवळामागची, गाडी जाईल अशी डोंगरवाट दाखवली. वाटेवरच्या तांड्यात एका म्हातारीनं ताक दिलं. त्यात पाल पडली नाही ना, हे मावसोबांनी आधी विचारून घेतलं. तिथून घरापर्यंत त्यांनी मावशीचं मनगट सोडलं नाही. "काच टोचून राहिली," ती म्हणाली. "टोचू दे," ते म्हणाले. ते घोडेस्वार खरंच आले होते की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढं मुलूख मोकळा झाला, रस्ते निवांत झाले. काही वर्षांनी मावशी तापानं गेली. मी भेटायला गेलो तेव्हा मावसोबा ओट्यावर बसले होते. गोठ्याच्या कडेनं एक साप सरसरत आत गेला. मी दचकून त्यांना दाखवला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "त्यालाबी कुठं तरी जायचं असंल."

मी काठी घेऊन उठलो. ते मात्र तिकडं वळूनही पाहत नव्हते. संध्याकाळ झाली तरी त्यांना तसं एकटं सोडून निघायचा मला धीर झाला नाही.