पडताळेकाकूंची बेरीज

पडताळेकाकू हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. करसल्लागाराच्या त्या तीन टेबलांच्या ऑफिसात ते त्यांना चिकटलं होतं, आणि चुकीचं चिकटलं होतं असंही नाही. घराला कुलूप लावून काकू जिना उतरत आणि परत वर जाऊन ते ओढून बघत. नवरा "बरा आहे मी" म्हणाला तरी त्याच्या कपाळाला हात लावून खात्री करून घेत. मग कॉम्प्युटरची काय कथा? त्याने केलेली बेरीज त्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा करत आणि पटली की तोच आकडा बेरजेच्या चौकटीत स्वतःच्या बोटांनी टाइप करून ठेवत. तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभे.

यंदा साहेबांनी एक मुलगी कामावर घेतली. कराच्या कामात आता नुसता कायदा येऊन भागत नाही, कॉम्प्युटरवर हिशेबाची शीट बांधता आली पाहिजे, बँकेची माहिती थेट ओढून घेता आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "काकू, तुम्हीही शिका तिच्याकडून," ते म्हणाले, आणि काकूंच्या मनात पाल चुकचुकली. आधी शिकवायला येतात, मग खुर्चीत बसतात.

झालंही तसंच काहीतरी. काकूंनी घातलेली बेरीज सकाळी वेगळीच दिसू लागली. काकू पुन्हा आपला आकडा घालत, दुसऱ्या दिवशी तो परत बदललेला. कुठंतरी पाणी मुरत होतं. संध्याकाळी सगळ्यांत शेवटी ऑफिस कोण बंद करतं? तीच. काकूंनी साहेबांचे कान भरले असं म्हणणं जरा कठोर होईल, पण रिकामे ठेवले नाहीत एवढं खरं. साहेबांनी कारण न सांगता मुलीला महिनाअखेर निघायला सांगितलं.

पण ती हे करते कसं, एवढं काकूंना डोळ्यांनी बघायचं होतं. पडताळल्याशिवाय त्यांना रागसुद्धा नीट येत नसे. त्या खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या.

"मला शिकव गं ती शीट. अगदी पहिल्यापासून."

"बेरजेच्या चौकटीवर क्लिक करा," मुलगी म्हणाली. "आता वरच्या पट्टीत काय दिसतं?"

"आकडा."

"तिथं सूत्र दिसायला हवं. म्हणजे नवीन बिल चढवलं की बेरीज आपोआप बदलते. कुणी हाताने आकडा घातला, की सूत्र पुसलं जातं आणि तो आकडा तिथंच बसून राहतो. उशिरा आलेलं विक्रीचं बिल त्यात धरलंच जात नाही. मग कर कमी भरला जातो आणि गिऱ्हाइकाला नोटीस येते."

काकूंनी खालच्या बेरजेवर क्लिक करून बघितलं. तिथंही आकडाच होता.

"रोज कुणीतरी असे आकडे घालतं," मुलगी आवाज खाली आणून म्हणाली. "मी रोज संध्याकाळी बसून सूत्रं परत टाकते. मला वाटलं, साहेबच करत असतील, मला पारखायला. म्हणून कुणाला बोलले नाही. तरी जायला सांगितलंच. आईला अजून कळू दिलेलं नाही मी."

काकूंना भयंकर लाज वाटली. इतकी, की गप्प बसावं असंही क्षणभर मनात येऊन गेलं. महिनाअखेर जवळ आली होती, कुणाला काही कळलं नसतं. मग त्या उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

साहेब हसले. "असं होय. बघू, बोलतो तिच्याशी नंतर."

नंतर या शब्दावर काकूंचा उभ्या जन्मात विश्वास बसला नव्हता. त्यांनी दार उघडून मुलीला आत बोलावलं.

"ते आकडे मी घालत होते," त्या तिला म्हणाल्या. "आणि फाइली तू बिघडवतेस, असं यांना मीच सांगितलं. साहेब, आता तुम्ही बोला. मी उभी आहे इथं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तू कुठं जायचं नाहीस," ते मुलीला म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काकूंकडे बघत होती.

"उद्यापासून तुमची प्रत्येक फाइल मी तपासूनच पुढं पाठवीन," ती म्हणाली.

"पाठव," काकू म्हणाल्या. "मीही तेच केलं असतं."