दिवा न लावलेला गुरुवार

त्या गुरुवारी मी दत्तासमोर दिवा लावला नाही. काडेपेटी हातात घेतली होती, ती फळीवर आपटली आणि तसबिरीला सरळ सांगितलं, "तुला काही दिसतच नसेल तर बस अंधारात!" इतक्या वर्षांत मी देवाशी अशी कधी बोलले नव्हते. देव्हाऱ्याजवळ वाती वळत बसलेल्या सासूबाई घाबरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याशीही न बोलता चपला घातल्या.

राग खरं तर सतबीरवर होता. ह्यांनी चांगली नोकरी सोडून ट्रक घेतला, तेव्हापासून सतबीर आमचा ड्रायव्हर. तो पानिपतचा. तिथून चादरी, सतरंज्या भरून दिल्लीत आणायच्या, हेच काम. हे गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक. मी कस्तुरबा गांधी मार्गावर ऑफिसात फायली बघणारी बाई, मला इंजिनातलं काय कळतंय कपाळ! पण सतबीर म्हणाला, "भाभीजी, गाडी मैं संभाल लूँगा." त्या एका वाक्यावर मी ह्यांची गाडी ठेवली. ती रस्त्यावर धावते आहे म्हणजे हे अजून कुठेतरी आहेत, असं मला वाटायचं. वेडेपणाच, पण वाटायचं.

दसऱ्यानंतर आठवड्याभरातच गाडी तापायला लागली. बुधवारी ती ओढून ट्रान्सपोर्ट नगरातल्या गॅरेजमध्ये आणावी लागली. मिस्त्रीने कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून मला दाखवलं. इंजिन थंड ठेवणारं ते पाणी स्वच्छ हिरवं असायला हवं. आत साय धरलेल्या चहासारखा गढूळ, तेलकट लगदा होता. मिस्त्री म्हणाला, कोणीतरी कूलंट काढून साधं पाणी भरलंय, त्याने इंजिन तापलं, तेल आणि पाणी वेगळं ठेवणारं गॅस्केट उडालं आणि इंजिनाचं तेल यात उतरलं. आता पूर्ण इंजिन खोलायचं.

मी सतबीरला विचारलं, "पानी तुमने डाला?"

"हाँ भाभीजी, मैंने डाला." बस, एवढंच. ना सबब, ना माफी.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझी जीभ म्हणजे उचलली आणि लावली टाळ्याला. चार माणसांसमोर मी त्याला म्हटलं, साहेब असते तर ही हिंमत झाली असती का? बाईमाणूस बघून गाडीची वाट लावलीस. ज्यांनी तुला भाऊ मानलं, त्यांची शेवटची वस्तू तू खाल्लीस. सतबीरने चावी बंपरवर ठेवली, हात जोडले आणि तो पानिपतच्या बसकडे चालता झाला. त्याच्या गप्प राहण्याचा मला आणखीच संताप आला. निर्लज्ज, असंच वाटलं मला.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी गॅरेजमध्ये उभी राहिले. मिस्त्रीने पाना उचलला. तेवढ्यात शेजारी ब्रेकच्या कामासाठी थांबलेल्या दुधाच्या टँकरचा म्हातारा ड्रायव्हर इकडे आला. बादलीत काढून ठेवलेल्या त्या घाणीत त्याने बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. म्हणाला, "यो तेल कोनी. यो तो दूध सै." तेल नव्हे, हे दूध आहे.

मिस्त्री त्याच्यावर खेकसला. म्हातारा हलला नाही. जन्म दुधात गेला माझा, म्हणाला, फाटलेलं, करपलेलं दूध मी झोपेतही ओळखेन. वर तरंगतंय ते तूप आहे. त्याने मिस्त्रीला इंजिनाचं तेल मोजायची पट्टी ओढायला लावली. तेल स्वच्छ, पाण्याचा अंशही नाही. मग टाकीत पाणी भरून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करायला लावलं. गॅस्केट उडालं असतं तर बुडबुडे उसळत वर आले असते. एकही आला नाही. मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं. "पर ट्रक में दूध कौन डालेगा?" तो पुटपुटला.

दूध. तूप. मला दसऱ्याची गाडीची पूजा आठवली. मी घरी फोन लावला. "आई, दसऱ्याला पंचामृत कुठे ओतलंत?"

"अगं, गाडीच्या तोंडात," सासूबाई अगदी सहज म्हणाल्या. "सतबीर झाकण काढून पाणी बघत होता ना, तेव्हा. आपण घेतो तीर्थ, तिला नको का? वाटीभर घातलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. आणि चोर तरी कोण? आपलेच दात, आपलेच ओठ! म्हाताऱ्याचे आभार मानायला वळले, तर टँकर निघून गेला होता. ब्रेक झाला असेल, गेला असेल. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

तशीच बस पकडून पानिपतला गेले. सतबीर दारात खाट विणत होता. मी रडत होते आणि भांडतही होते. तोंड शिवलं होतं का तुमचं? बोलला का नाहीत?

त्याने मान वर केली नाही. वाटेत दोनदा टाकी धुऊन साधं पाणी भरलं, म्हणाला, वाटलं निघून जाईल. मग हळूच म्हणाला, "उस दिन गैस खुली रह गई थी, तो आपने माताजी को बोला था, अगली बार पुणे के वृद्धाश्रम भेज दूँगी. मुझे तो दूसरी गाड़ी मिल जाती, भाभीजी. उनको दूसरा घर कहाँ मिलता?"

या वाक्याची चपराक अजून गालावर आहे. मी दत्ताला आंधळा म्हटलं होतं. ज्या दिवशी त्याचा दिवा लावला नाही, त्याच दिवशी त्याने माझ्यासाठी माणूस पाठवला, असं मी मानते. कोणी योगायोग म्हणेल, खुशाल म्हणा. मला एवढंच कळलं की सगळ्या चाव्या आपल्याच हातात ठेवणाऱ्या बाईला देव आधी हात मोकळे करायला लावतो. राग गेला आहे असं खोटं कशाला सांगू? फक्त आता तो आला की मी आधी देव्हाऱ्यासमोर जाऊन बसते, आणि पुष्कळदा तिथेच ठेवून उठते.

इंजिन न खोलताच धुऊन निघालं आणि सतबीर पुन्हा गाडीवर आला. यंदाच्या दसऱ्याला आई पुन्हा चांदीची वाटी घेऊन गाडीकडे निघाल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात सतबीर पुढे झाला आणि त्याने ओंजळ धरली. "माताजी, गाडी का हिस्सा मुझे दे दो."

त्याच्या शेजारी मीही हात पुढे केला.