हाकलबाई

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे ‘हाकलबाई’ म्हणत. छातीत दुखतंय म्हणून कोणी तरणाताठा माणूस आला, की बाई आधी त्याच्या बायकोला, आईला, मित्राला बाहेर काढत. कोणी हुज्जत घातलीच तर दंडाला धरून. मग पडदा ओढून, खाली वाकून हळूच विचारत, “कोकेन घेतलंस का? मी कोणाला सांगणार नाही. पण मला कळायला हवं.”

यात भोचकपणा मुळीच नव्हता. कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अशा वेळी धडधड कमी करणारं नेहमीचं औषध दिलं, तर त्या आणखी आवळू शकतात. तिथे आधी माणसाला शांत करणारं इंजेक्शन द्यावं लागतं. म्हणजे सगळं अडतं त्या एका उत्तरावर, आणि बायकोसमोर खरं उत्तर देणारा बहाद्दर बाईंना अजून भेटायचा होता.

अशी कैक गुपितं पोटात घालून बाई घरी जात. घरी कोण? कोणी नाही. एकटीपुरतं शिजवायचं आणि ओट्याशी उभ्यानेच खायचं. आई गेली तेव्हा भाऊ अगदी लहान होता. त्याला वाढवता वाढवता स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं. आता तो मोठ्या कंपनीत साहेब झाला होता, पण ताईला फोन केल्याशिवाय त्याचा आठवडा जात नसे. तो आपल्यापासून काही लपवत नाही, एवढ्यावर बाईंचं बरं चाललं होतं.

एका दुपारी स्ट्रेचरवर तोच आला. घामाने निथळत, छाती घट्ट धरून. ईसीजी वाईट होता. बाईंनी भावजयीला बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि तोच प्रश्न विचारला.

“काहीतरीच काय, ताई,” तो म्हणाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सिस्टरला नेहमीचं औषध भरायला सांगितलं. सिस्टर सिरिंज घेऊन आली तेव्हा भाऊ छताकडे बघत होता. बाईंकडे बघायचं तो टाळत होता. तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, की एक नातेवाईक अजून आतच उभी आहे.

“थांबा सिस्टर, देऊ नका,” त्या म्हणाल्या. त्यांनी हाताखालच्या दाढीवाल्या डॉक्टरला हाक मारली, पेशंट त्याच्या हवाली केला आणि बाहेर जाऊन भावजयीशेजारी बाकावर बसल्या. तुम्हीच बाहेर कशा, असं तिने रडत विचारलं. बाईंनी नुसता तिचा हात धरला. थोड्या वेळाने आतून दाढीवाल्याचा आवाज आला. तो शांत करणारं इंजेक्शन मागत होता. बाईंना कळायचं ते कळलं. त्याने एका परक्या माणसाला जे सांगितलं, ते मला का नाही, या विचाराने त्यांच्या काळजाला घरं पडली.

संध्याकाळपर्यंत कळ थांबली, ईसीजी सुधारला. धोका टळला, एवढंच दाढीवाल्याने सांगितलं. वर एक शब्द नाही. ही शिस्त त्याला बाईंनीच लावली होती. आता ते व्यसन सोडवायचं बोलणंही दुसऱ्याच कोणीतरी करायचं होतं.

बाई खाटेजवळ गेल्या. “ताई, डॉक्टर तुला काही बोलले का?” भावाने विचारलं.

“नाही रे. काय बोलायचंय?”

त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि डोळे मिटले. त्याच्या कपाळावर हात ठेवावा असं बाईंना फार वाटलं. पण ठेवला असता तर रडू फुटलं असतं, आणि मग त्याला कळलं असतं.