साका धुणारा

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे चाख्या म्हणत. पाळीवर आला की डबा ठेवायच्या आधी तो पडद्यांच्या दालनात जाई, शेवटच्या नळाखाली ओंजळ धरी आणि एक घोट घेई. खारटपणा मोजणारे मीटर भिंतभर होते. पण घोट घेतल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नसे. "काय चाख्या, मीठ बरोबर?" कोणीतरी विचारी. "तुझ्या डब्यातल्यापेक्षा बरोबर," हा म्हणे.

दालनात लांबच लांब नळ्या एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीत कागदासारखा पातळ पडदा गुंडाळून भरलेला. पंप खारं पाणी त्या पडद्यावर दाबतो, मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे झिरपतं. सांगायला इतकं सोपं. पण समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते पडद्याला चिकटतात, तिथेच संसार मांडतात, आणि बघता बघता बुळबुळीत साका धरतो. पंप धापा टाकू लागतो. मग चाख्या ती रांग बंद करून आधी सोड्याचं कोमट पाणी फिरवी, नंतर आम्लाचं. निचऱ्यातून चहाच्या रंगाची घाण बाहेर पडू लागली की त्याच्या चेहऱ्यावर लेकराला न्हाऊ घातल्याचं समाधान दिसे. "साका कितीही धरू दे," तो म्हणे, "धुऊन निघतो."

साका वाढू नये म्हणून समुद्राच्या तोंडाशीच पाण्यात क्लोरिन सोडत. क्लोरिन जीव मारतो, पण पडदाही जाळतो. म्हणून पडद्यांच्या अलीकडे एका टाकीत पांढऱ्या पुडीचं पाणी मिसळून तो संपवावा लागे. त्या टाकीवर चाख्याचा साडू होता. चाख्यानेच चिकटवलेला. साडूचा कुठेच जम बसत नव्हता तेव्हा बायको म्हणाली होती, "माझ्या बहिणीचं तेवढं बघा," आणि याने साहेबांपुढे शब्द टाकला होता. साडू गोड बोलणारा, हसवणारा. दर रविवारी दोन्ही घरं एकत्र जेवत.

टाकीवरून साडू रेडिओवर ओरडे, "मेला, सोड." म्हणजे क्लोरिन संपला, झडप उघड. नव्या कारकुनाने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोण गेलं म्हणून तो अनवाणी धावत आला होता. नियम असा, की टाकीवरून काहीही सांगोत, चाख्याने स्वतः काचनळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे; पाणी गुलाबी झालं तर क्लोरिन अजून जिवंत. हे त्याने कधीच सोडून दिलं होतं. घरच्या माणसाच्या शब्दावर नळी धरायची त्याला लाज वाटे.

चूक झालीच तर पंप आपोआप थांबवणारा एक मीटर होता. त्याच्याच टोकाला साका धरला आणि तो दुरुस्तीला गेला. नेमकं त्याच आठवड्यात समुद्राला लाल शेवाळ आलं आणि क्लोरिन वाढवावा लागला. रोज साडू म्हणाला, "मेला, सोड." रोज चाख्याने झडप उघडली.

मग एका सकाळी ओंजळीतला घोट खारट लागला.

वर्कशॉपमध्ये एक नळी करवतीने कापली, पडदा उलगडून टेबलावर पसरला. चाख्या तपकिरी चिखल आणि कुजका वास यायची वाट बघत उभा राहिला. पडदा पांढराशुभ्र होता. इतका स्वच्छ पडदा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. "जळालाय," इंजिनियरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सगळी रांग गेली." चाख्याने त्यावरून बोट फिरवलं. धुवायला काही नव्हतंच.

साडूने त्याला टाकीमागे गाठलं. रडवेला झाला होता. "साडूभाऊ, पुडीचं पोतं उघडं राहिलं हो. हवेने तिच्यातला दम गेला. मी बघितलंच नाही."

"आणि मेला म्हणून ओरडलास?"

"सवयीने."

चाख्या म्हणाला, "उद्या साहेबांसमोर तू तुझं सांग, मी माझं सांगतो. दोघांवर वाटून येईल. एकट्यावर आलं तर माणूस आयुष्यातून उठतो."

"सांगतो. बायकोची शप्पथ."

त्या संध्याकाळी बायको शर्टाला इस्त्री करत होती. "उद्या वाद घालू नका," ती खाली बघत म्हणाली. "विचारतील तेवढंच बोला." आपल्या रक्तदाबाची तिला काळजी, असं त्याला वाटलं. बरंही वाटलं.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. "काचनळीत पाणी घेतलं होतं?"

"नाही साहेब. चूक माझी. टाकीवरून मेला म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला."

साहेब साडूकडे वळले. साडू स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "मी थांबा म्हटलं होतं, साहेब. पूड बदलतोय म्हटलं होतं. दालनात पंपांचा आवाज फार असतो. त्यांना ऐकू आलं नसेल."

चाख्या साडूकडे वळला. आपण दिलेला कबुलीजबाब खोलीत एकटाच उभा होता.

"रेडिओवर कोण काय बोललं ते मला कसं कळणार?" साहेब म्हणाले. "नळी तुमच्या हातात नव्हती, हे तुम्हीच सांगताय." नोकरी राहिली. पडदे गेले. त्याला समुद्राच्या तोंडाशी, जाळ्यांवर टाकलं. आकड्याने शेवाळ आणि कचरा ओढायला.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. बायकोने मध्ये एकदाही विचारलं नाही, "असं म्हणाला?" ती भांडी पुसत राहिली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं."

"बहीण आली होती काल. पाया पडली माझ्या." तिचा हात थांबला. "त्याला काढूनच टाकलं असतं हो. तुम्हाला नाही काढणार, एवढी वर्षं झाली. पोरं आहेत तिला."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही कबूल केलं नसतं."

"आणि तू काय म्हणालीस तिला?"

ती ताट फडताळात ठेवून तशीच पाठमोरी उभी राहिली. "म्हटलं, हे सोसतील."

गल्लीच्या नळाला याच कारखान्याचं पाणी येई; लोक महिनाभर टोमणे मारत राहिले, "चाख्या, आज मीठ जास्त पडलं रे." नवे पडदे बसले, पाणी गोडं झालं, टोमणे थांबले. जाळ्यांवर रेडिओ असे. "मेला, सोड," साडूचा आवाज येई. मग दालनातला नवा माणूस म्हणे, "थांब, नळीत बघतो." चाख्या दर वेळी आकडा थांबवून ऐके.

एका शनिवारी साडू जाळ्यांपर्यंत चालत आला. हातातल्या रेडिओचं बटण उगाच फिरवत म्हणाला, "साडूभाऊ, उद्या येताय ना जेवायला? किती दिवस झाले. ताई हो म्हणाल्यात."

चाख्याने आकडा पाण्यात सोडला. जाळीवर शेवाळाचा हिरवा लगदा जाड धरला होता. ओढला की निघत होता.

"ती हो म्हणालीये ना," तो म्हणाला. "मग मला कशाला विचारतोस?"