सहा बॅगांचा शुक्रवार

कालव्याकाठच्या आठ नंबरच्या घरात मारिएटबाईंनी एकतीस वर्षं कॉलेजच्या मुलांना खोल्या भाड्याने दिल्या, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं एकाही भाडेकरूशी पटलं नाही. त्याची त्यांना खंतही नव्हती. जिन्याच्या भिंतीवर त्यांचे नऊ नियम टांगलेले होते. तिसरा नियम असा की, शुक्रवारी संध्याकाळी पाचला सगळ्या घराचे हीटर बंद होतील, ते रविवारी चारला सुरू होतील. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. आमच्या बेल्जियमच्या फ्लँडर्समधली मुलं शुक्रवारी आठवड्याचे मळके कपडे बॅगेत कोंबून आईकडे जातात आणि रविवारी धुतलेले कपडे नि सुपाचे डबे घेऊन परततात. रिकामं घर तापवायचं कुणासाठी?

दर शुक्रवारी चारच्या सुमारास सात बॅगांची चाकं खडखडत जिना उतरायची. बाई स्वयंपाकघरात बसून ती मोजायच्या. चौदा नोव्हेंबरला सहाच उतरल्या. पाचव्या खोलीतली फीन लवकर गेली असेल, असं त्यांनी धरलं. सोमवारी जिन्यात भेटल्यावर विचारलं, "घरी गेली होतीस ना?" "हो, मादाम," फीन म्हणाली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सहा, पुन्हा "हो, मादाम." तिसऱ्या शुक्रवारीही सहाच.

त्या रविवारी, तीस तारखेला, बाई चर्चमधून परतल्या तेव्हा त्यांची नजर वर गेली. घराच्या सगळ्या काचा कोरड्या होत्या, फक्त पाचव्या खोलीची आतून घामेजली होती. गार घरात कुणीतरी श्वास घेत होतं.

त्या वर गेल्या आणि दार ठोठावून, उत्तराची वाट न बघता किल्लीने उघडलं. फीन पलंगावर कोट, टोपी आणि एकावर एक चढवलेल्या दोन जोड पायमोज्यांत बसली होती. कोपऱ्यात मळक्या कपड्यांचा ढीग होता. भिंतीवरचा तापमापक अकरा दाखवत होता.

"घरी गेले होते म्हणालीस."

"तुम्ही विचारलंत म्हणून म्हणाले."

"खाली येऊन दोन शब्द सांगायला जीभ झडली होती?"

"तिसरा नियम," फीन म्हणाली. "वाचता येतं मला. म्हणजे यायचं. आता तीन आठवडे एकच पान पुढ्यात आहे."

"आणि तुझी आई?"

"आईला वाटतंय मी इथे अभ्यास करतेय. घरी गेलं की जेवणाच्या टेबलावर तोच विषय. त्यापेक्षा गारठणं बरं."

शब्दाने शब्द वाढला, आणि त्यातूनच खरं बाहेर आलं. पोरीने मदत मागितली होती. दोन ऑक्टोबरलाच तिने विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्राचा अर्ज भरला होता. सहा आठवड्यांनी तिचा नंबर लागला. तसा मेल आला. त्याला अठ्ठेचाळीस तासांत होकार द्यायचा होता. पण प्राध्यापकांचं काही आलं असेल या भीतीने फीनने मेल उघडणंच सोडलं होतं. नाव कटलं. पुन्हा अर्ज केला, तर तारीख मिळाली एकोणीस जानेवारी. परीक्षा बारा तारखेपासून.

सोमवारी सकाळी नऊला मारिएटबाई तिला जवळजवळ ओढतच केंद्रात घेऊन गेल्या. खिडकीपलीकडे रूडी नावाचा माणूस बसला होता. त्याच्या मागे भिंतीवर नियमांची चौकट होती.

"आपण हिची आई?"

"देवाने वाचवलं तिला. मी घरमालकीण."

"मग बाहेर थांबा." त्याने फीनचं कार्ड पडद्याशी ताडून पाहिलं. "हिचं नाव यादीतून गेलंय. वेळेत उत्तर दिलं नाही."

"पाय मोडलेल्याला तुम्ही धावत ये म्हणता, आणि आला नाही की नाव कापता."

"नियम मी केलेले नाहीत."

"माझ्या घरातले मीच केलेत. त्यातल्या एकाने ही पोर तीन शनिवार-रविवार काकडली, म्हणून मी इथे उभी आहे. तुम्ही कधी उभे राहणार?"

रूडीने फीनकडे पाहिलं. "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? त्यासाठी वेगळा रकाना आहे. आजच कुणीतरी भेटेल."

"नाही," फीन म्हणाली. "मरायचं नाहीये मला. नुसतं उठवत नाही."

"मग एकोणीस जानेवारी."

बाई बाकावर जाऊन बसल्या आणि फीनलाही शेजारी बसवलं.

"पहारेकऱ्याला बोलवावं लागेल," रूडी म्हणाला.

"बोलवा. गुडघा धरलाय, उठवायला कुणीतरी लागेलच."

"मादाम, मला लाज वाटतेय," फीन दात आवळून पुटपुटली.

"वाटू दे. गप्प बस."

दहा वाजता एक मुलगा आत गेला नि पन्नास मिनिटांनी बाहेर आला. अकरा वाजून दहा मिनिटांनी आतलं दार पुन्हा उघडलं. हातात चहाचा कप घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी एक नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. कुणी उठलं नाही.

मारिएटबाई धरलेल्या गुडघ्यासकट उठल्या. "आतली खुर्ची रिकामी आहे."

"यादीत पुढे दुसऱ्याचं नाव आहे," रूडी म्हणाला.

"हाक मारा त्याला. कुठे आहे तो?"

कप घेतलेल्या बाईंनी रूडीकडे पाहिलं, मग फीनच्या टोपीकडे. "ये आत," त्या म्हणाल्या. फीन कोट न काढताच गेली.

पन्नास मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे सुजलेले होते.

"काय म्हणाली?"

"तुमचा काय संबंध?"

दोन सोमवार नुसतं "हो, मादाम" ऐकलेल्या मारिएटबाईंना ते उत्तर बरं वाटलं. तसं त्यांनी दाखवलं नाही. पुढचा सोमवार ठरला होता, एवढं तिच्या हातातल्या चिठ्ठीवरून कळलं. त्यांची पाठ वळताच रूडीने बाकावर कागद चिकटवला, की वेळ ठरलेल्यांनीच इथे बसावं.

घरी येऊन बाईंनी तिसरा नियम खोडला आणि वर लिहिलं, "शुक्रवारी थांबणाऱ्याने पाचच्या आत खाली येऊन तोंडाने सांगावं."

पाच डिसेंबरला सहा बॅगा उतरल्या. पाचला पाच कमी असताना बाई हीटरच्या बटणावर हात ठेवून उभ्या होत्या. घड्याळ पुढे सरकत होतं. वर पाचव्या खोलीचं दार उघडलं, पण पावलं जिन्यातच अडली. बाईंनी हाक मारली नाही. मग पावलं हळूहळू खाली आली.

"मादाम, मी थांबतेय."

"ऐकू आलं," बाई म्हणाल्या आणि बटणावरचा हात काढून बटाटे सोलायला बसल्या. "दार लाव. ऊब बाहेर चाललीय."