दातिवऱ्याचा ज्वालामुखी

काळाकभिन्न खडक, भोवती उसळता समुद्र, मधोमध ज्वालामुखी आणि चार दिशांना माणूस नाही, असं बेट बघायला लोक म्हणे बोटीनं महिना-महिना प्रवास करतात. आम्ही नवरा-बायकोनं ते पाच भाकऱ्या, पुडीभर शेंगदाणे आणि सफाळ्यापर्यंतच्या तिकिटात उरकलं. पुन्हा आमचा ज्वालामुखी काही विझलेला नव्हता. आमच्या डोळ्यांदेखत उसळला, चांगला पन्नास फूट.

“निम्मं करा,” ती म्हणाली असती.

तिची ती सवयच होती. मी कुणाला काही रंगवून सांगायला लागलो की ती आतून, हातातलं लाटणं न थांबवता, पाहुण्याला ऐकवायची, “भावजी, ह्यांचं सगळं निम्मं करून घ्या.” तर पंचवीस फूट धरा. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता मी जे बोलतो ते जसंच्या तसं माझ्याच अंगावर पडतं, निम्मं करायला कुणी नाही. म्हणून एकदा लिहून टाकतो. वाचणाऱ्यानं आपापल्या हिशेबानं कापून घ्यावं.

साठीचं दशक अर्धं उलटलं होतं. तारापूरजवळ वीजघराचं बांधकाम जोरात चालू होतं आणि तिथल्या एका ठेकेदाराकडे मी टाइमकीपर होतो. भोंगा वाजवायचा, हजेरी लावायची, उशिरा येणाऱ्याकडे घड्याळ रोखून बघायचं, हे माझं काम. माझ्या भोंग्यावर दहा हजार माणसं जेवायला बसायची. (निम्मं करा. मग पुन्हा एकदा निम्मं करा.) मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ होतं, आणि जगात जे काही हलतं ते घड्याळाप्रमाणेच हलतं अशी माझी पक्की समजूत होती.

लग्न होऊन चार महिने झाले तरी बायको तिकडे माणदेशातच, तिच्या माहेरी. इथं खोली मिळत नव्हती. मग मी पत्रं लिहायचो. आता कोरड्या मुलखातल्या पोरीला पत्रात काय लिहिणार, सिमेंटच्या गोण्या? आमच्या हापिसात भिंतीवर एका दिनदर्शिकेचं चित्र होतं: निळं पाणी, बेट, बेटावर धुराचा डोंगर. त्यात पाया खणणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं दुभाष्यामार्फत सांगितलं होतं की इथला सगळा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. झालं! मी लिहिलं, “खिडकीतून समुद्र दिसतो. समुद्रात आपलं एक बेट आहे. त्यावर ज्वालामुखी आहे. तू आलीस की दर रविवारी जाऊ.” ती सातवीपर्यंत शिकलेली. पत्र ती एकटीच वाचते आहे असं मला वाटायचं. ती ते मोठ्यानं, ओसरीवर बसून, अख्ख्या आळीला वाचून दाखवत होती.

भाद्रपदात कुंभवलीत एका शेतकऱ्याच्या पडवीला कुडाच्या भिंती लावलेली खोली मिळाली आणि ती आली. ट्रंक खाली ठेवली, थेट खिडकीशी गेली. बाहेर भाताचं शेत, वाऱ्यावर हलणारं.

“समुद्र कुठाय?”

“ओहोटी लागलीय,” मी म्हणालो. “मागं गेलाय.”

हे मी इतक्या सहज म्हणालो की मलाच खरं वाटलं. तिलाही वाटलं. आठ दिवस ती रोज सकाळी खिडकीत जाऊन बघायची, आला का म्हणून. नवव्या दिवशी घरमालकीण हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, “अगं पोरी, दर्या हितून अडीच कोस हाय!”

ती रडली नाही, भांडली नाही. ट्रंक उघडली, साड्या घड्या करून भरल्या, वरून सुंभ बांधला आणि दाराशी ठेवली. मग म्हणाली, “दिवाळीला दादा न्यायला येणार हाय. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी. त्याच्यासंगं जाईन. परत यायचं का न्हाई ते तिथं गेल्यावर ठरवीन.”

“अगं पण...”

“सगळ्या आळीला वाचून दाखवलंय मी. दादा आल्याबरोबर इचारणार, बेट कुठाय? मी काय सांगू, ओहोटी लागलीय?”

तो महिना ती ट्रंक दारातच होती. कामावर जाताना मी तिला वळसा घालून जायचो, येताना तिला ठेचकाळायचो. बायको स्वयंपाक करी, डबा देई, विचारलं तेवढंच बोले. माझं निम्मं करायचंही तिनं सोडलं होतं. त्याचीच मला खरी भीती वाटली.

आमच्या कामावर दातिवऱ्याचा एक कोळी होता, क्रेनचे दोरखंड बांधायचा. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “एवढंच ना? आमच्या गावाला हाय की खडक. कालाकुट्ट. भरतीला चारी बाजूनं पानी. तू बेट म्हन, मी काय बोलनार नाय.”

कोजागरीच्या आदल्या रविवारी, म्हणजे अष्टमीला, त्यानं मला नेऊन दाखवलं. बरोबर बारा वाजता आम्ही किनाऱ्यावरून पोटरीभर पाण्यातून चालत पलीकडे गेलो. खडक छान होता. वर दोन माणसं बसतील एवढा उंचवटा आणि त्याच्या अलीकडे एक भोक, मडक्याच्या तोंडाएवढं, आत अंधार. मी टाळीच वाजवली. ज्वालामुखीचं तोंड! विझलेला आहे म्हणू. मी घड्याळ पाहिलं आणि मनात नोंद केली: रविवार, दुपारी बारा, पाणी पोटरीभर.

पुढच्या शनिवारी कोळ्याची दुसरी पाळी होती, म्हणून आम्ही दोघंच निघालो. ती येते म्हणाली हेच नवल. “शेवटचं बघून घेते,” एवढंच म्हणाली. सफाळ्याला उतरून, पुढे एका भाताच्या गाडीत बसून, तिन्हीसांजेला दातिवऱ्यात पोचलो. कोळ्याच्या म्हाताऱ्या आईनं जेवायला वाढलं. मी तिला आमचा बेत सांगितला.

“सातला जायचं, दोनला परत. बाराला पाणी पोटरीभर असतं, मी घड्याळात पाहून ठेवलंय.”

म्हातारीनं माझ्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “उद्या पुनव हाय, पोरा.”

“असू द्या, आई. आमच्यात कोजागरीचा उपास नसतो.”

ती उठली, कोपऱ्यातली दोन शहाळी काढून माझ्या बायकोपुढे ठेवली आणि म्हणाली, “ही ने. आनि वर चढून बसा, खाली नको.”

सकाळी सातला गेलो तर वाट कोरडी ठणठणीत! मागच्या रविवारी पोटरीभर होतं, आज पायाला ओलसुद्धा नाही. मी फुगलो. “बघ,” मी म्हणालो, “सातलाच असं, तर बाराला समुद्र आफ्रिकेला लागेल.” बेटावर मी तिला सगळं दाखवलं. हे ज्वालामुखीचं तोंड. हा थिजलेला लाव्हा. हे, म्हणजे, विझलेलं आहे सध्या. तिनं भोकात वाकून पाहिलं आणि म्हणाली, “आमच्या विहिरीचं भोक ह्याच्यापेक्षा मोठं हाय.”

भाकरी खाल्ली. नऊच्या सुमाराला मी मागं वळून पाहिलं आणि वाट नव्हती.

नव्हती म्हणजे नव्हती. जिथून आलो तिथं हिरवं पाणी डोलत होतं. मी घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. मी म्हणालो, “येईल, बाराला ओसरेल.” दहाला आमचं बेट अर्धं झालं. अकराला अंगणाएवढं राहिलं. मग ओसरीएवढं. आम्ही सरकत सरकत उंचवट्यावर आलो, एकमेकांना चिकटून, मध्ये दोन शहाळी. लग्नाला पाच महिने झाले होते, पण एवढं जवळ आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

“अहो,” ती पुढं बघत म्हणाली, “खरं सांगा. तुमाला समुद्रातलं काय कळतं का?”

आयुष्यात पहिल्यांदा मी एका शब्दात खरं बोललो. “नाही.”

“काहीच?”

“ही भरती आहे की ओहोटी, तेसुद्धा नाही कळत.”

ती माझ्याकडे वळून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात आमच्या पायाखालचा खडक घुमला. आधी पोटातून यावा तसा गुरगुराट, मग एक दणका, आणि त्या मडक्याएवढ्या भोकातून पांढराशुभ्र खांब फुस्सकन वर गेला, वर जाऊन फुटला आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर कोसळला. खालच्या कपारीत घुसलेली लाट होती ती. हे आज कळतं. त्या क्षणी मी शेंगदाण्याची पुडी छातीशी धरून डोळे मिटून घेतले होते आणि कुलदैवताला बकरं बोललो होतो.

डोळे उघडले तर ती हसत होती. केसातून पाणी निथळतंय, कुंकू गालावर ओघळलंय, आणि ही हसतेय, खोकतेय, पुन्हा हसतेय.

“इझल्याला हाय म्हणाला ना!”

पुन्हा दणका. पुन्हा खांब. पाच-सहा मिनिटं थांबून पुन्हा. दुसऱ्या वेळी ती उठून भोकाशी जाऊन उभी राहिली. दुष्काळी मुलूख तिचा. तिच्या गावात चैत्रात घागरभर पाण्यासाठी दोन मैल जावं लागे, आणि इथं समुद्र स्वतः उठून तिच्या अंगावर पाणी ओतत होता, फुकट, दर पाच मिनिटांनी. ती हात पसरून उभी राहायची, खडक घुमला की डोळे मिटायची. मी ओरडत होतो, “मागं हो, पडशील!” ती ओरडत होती, “या हिकडं! तुमचाच ज्वालामुखी हाय न्हवं!” शेवटी गेलो. भिजलो. शहाळी दगडावर फोडून प्यायलो, निम्मी अंगावर सांडून.

इथं थांबून एक सांगतो. त्यानंतर आम्ही पुष्कळ फिरलो, मुलांनी विमानात बसवलं, सुनेनं थंड हवेच्या ठिकाणी नेलं. पण दुपारी जेवून पडलो, डोळा लागला की मला तो खडक घुमलेला ऐकू येतो, आणि त्याच्या पाठोपाठ तिचं ते खोकत खोकत हसणं. जाग आली की चादर कोरडी असते.

दुपार कलल्यावर पाणी उतरायला लागलं, पाचला वाट उघडली. ओले, खारट, भाजलेले असे आम्ही परत आलो तर म्हातारी दारातच बसली होती.

“आलाव? भात टाकलाय.”

“आई, तुम्ही सांगितलं का नाही?” मी म्हणालो.

“नाय कसं? पुनव हाय बोलले ना! अजून काय ढोल बडवू?” मग माझ्याकडे पाठ करून तिनं माझ्या बायकोची बोटं हातात घेतली. “तू शीक, ह्याला नाय जमनार. तिथीची पाऊनपट कर. जेवढं येल, तेवढ्या वाजता भरती. तिथनं सहा तासांनी ओहोटी. अष्टमीची पाऊनपट किती?”

“सहा.”

“मंग ओहोटी?”

“बारा,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला. दहा हजार माणसांच्या टाइमकीपराला घड्याळ काढून खिशात ठेवावं लागलं.

सोमवारी तिचा दादा आला. पाणी पिण्याआधी विचारलं, “काय गं, ते बेट कुठाय?”

मी चुलीकडे बघत उभा राहिलो.

“कालच जाऊन आलो की,” ती म्हणाली. “ज्वालामुखी असा उसळला दादा, ताडाएवढा! दर घटकेला. आमी मधोमध. ह्यांनी मला धरलं म्हणून वाचले.”

खांब खरा माणसाएवढा होता. फार तर दीड माणूस. मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं बोलणं मनात निम्मं करायला गेलो, आणि तेही करवेना.

ती त्याच्याबरोबर गेली. पहिली दिवाळी, जायलाच हवं होतं. ट्रंकेबद्दल माझी काही विचारायची छाती झाली नाही. कामावरून परस्पर बोईसरला गेलो आणि गाडी सुटेपर्यंत फक्त तिच्या हाताकडे बघत राहिलो. हातात एक कापडी पिशवी होती. खोलीवर आलो तर दारातली जागा मोकळी. सुंभ सोडून खुंटीला टांगलेला, आणि ट्रंक आत भिंतीला लावून, तिच्यावर स्टोव्ह ठेवलेला.

तरी मला भरवसा नव्हता. पंधरा दिवस मी भोंगा कधी लवकर, कधी उशिरा वाजवला, लोक अर्धपोटी कामाला गेले. भाऊबीज झाली. मग पोस्टकार्ड आलं. वर मायना नाही, खाली सही नाही, खुशाली नाही. नुसत्या दोन ओळी:

“कार्तिक शुद्ध अष्टमी सोमवारी आहे, रजा काढा. ओहोटी दुपारी बारा. भाकऱ्या मी आणते, शेंगदाणे तुम्ही.”

त्या अष्टमीला मला रजा मिळाली नाही. पुढच्या अष्टमीला जाऊ म्हणालो. मग मुलं झाली, बदली झाली, तिचे गुडघे, माझे डोळे. पुढच्या अष्टमीला जाऊ असं आम्ही पन्नास वर्षं म्हणालो. हा आकडा मात्र निम्मा करू नका.