वाजवतानाचा चेहरा

माझ्या वडिलांना वाजवताना मी समोरून कधी पाहिलंच नाही. आबा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. पण वराती लोकांच्या, आणि 'बोलावणं नसताना कुणाच्या लग्नात जायचं न्हाय' हा घरचा कायदा. बँडवाल्याच्या पोरीला बोलावणं कोण धाडतंय? घरी सराव करायचे तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. सूर भिंतीवर आपटून परत आला की चूक लगेच कळते म्हणे. मला दिसायचं ते घामानं पाठीला चिकटलेलं बनियन आणि हलणारी कोपरं. वळसा घालून पुढं गेले की वाजवणं थांबायचं आणि "काय पायजे?" असा प्रश्न यायचा. काय पाहिजे ते मला तरी कुठं सांगता येत होतं?

पुढं मी फोटोग्राफर झाले. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं. ज्यांच्या वरातीत आबांनी वाजवलं होतं त्यांच्याकडे गेले की जुना अल्बम मागून घ्यायचे. घोड्यावरचा नवरदेव, नटलेल्या करवल्या, बेभान नाचणारे मित्र, आणि कडेला बँडची अर्धी कापलेली लाल टोपी. त्या फोटोग्राफरांचा मला अजून राग येतो. एक पाऊल डावीकडे सरकला असतास तर तुझं काय जात होतं रे बाबा?

मी कॅमेरा हातात घेतला तोवर आबांचे पुढचे दात गेले होते. सॅक्सोफोन वरच्या दातांनी धरावा लागतो. कवळी बसवून त्यांनी एकदा फुंकून बघितलं, तर कवळी बाज्यासकट बाहेर आली. आबा इतके हसले, इतके हसले की आईला वाटलं रडतायत. बाजा बँडच्या मालकाचा होता, तो परत गेला. त्यानंतर आमच्या घरात तो आवाज झाला नाही.

मागच्या हिवाळ्यात राजारामपुरीत, एका पंपाच्या दुकानावरच्या कॅफेत जॅझचा कार्यक्रम ठरला. मालकीणबाईंनी फोटोंचं काम मला दिलं आणि अटी घातल्या: फ्लॅश नाही, कॅमेऱ्याचा आवाज नाही, मधेमधे फिरायचं नाही. लग्नात भटजींना बाजूला सारून फोटो काढणारी मी! तरी हो म्हटलं, कारण वाजवणाऱ्यांत एक सॅक्सोफोन होता. आबांना न्यायचं मी मनात पक्कं केलं.

"बोलावणं हाय का?"

"तिकीट आहे की आबा."

"तिकीट म्हंजे बोलावणं न्हवं."

शेवटी मालकीणबाईंना फोन लावून दिला. "या की काका," असं त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठं इस्त्रीचा शर्ट कपाटातून निघाला आणि आबा उचगावातून माझ्या स्कूटरवर मागं बसून आले.

ड्रम, माणसाएवढा उभा बेस आणि सॅक्सोफोन, एवढीच तीन माणसं. आबांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली. "ऐकणारी बसून ऐकत्यात व्हय? आमच्यात कोण बसलंच न्हाय कवा."

वाजायला लागलं. मी भिंतीला टेकून भिंगातून त्या सॅक्सोफोनवाल्याचा चेहरा बघत राहिले. कपाळाची शीर फुगलेली, भुवया वर चढलेल्या. आबांच्या भुवया अशाच चढत असतील का? माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि फोकस चुकत होता.

एवढ्यात आबा उठले. मी हातानं खुणावलं, बसा. पण त्यांनी उभ्या जन्मात सॅक्सोफोन बसून ऐकला नव्हता. ते मागच्या भिंतीशी, दिव्याखाली जाऊन उभे राहिले. वाजवणाऱ्यानं गाण्याची चाल मधेच सोडून दिली आणि त्याचे सूर आपल्याच नादात कुठं कुठं फिरायला लागले. इकडे आबांनी कवळी काढून खिशात टाकली. ओठ आत मुडपले, गाल आवळले, डोळे मिटले, भुवया चढल्या. हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी कॅमेरा पाहुण्या कलाकारांकडून वळवला आणि आबांचे फोटो काढत सुटले. त्यांना पत्ताही नव्हता.

खाली उतरल्यावर त्यांना दाखवले. "माझं कशाला काढलंस? त्येचं काढायचं की," असं म्हणून रागावले. पण कॅमेरा परत देईनात.

"मालक वरडायचा," मग म्हणाले. "डोळं झाकून वाजवू नगंस, खड्ड्यात जाशील."

"मनात काय वाजवत होता आबा?"

"न्हाय आठवत आता," म्हणाले आणि स्कूटरवर बसले.

तो फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा बघते. आबा माझ्याकडे तोंड करून उभे आहेत, जीव ओतून काहीतरी वाजवतायत. हातात काही नाही, तोंडात काही नाही. त्या खोलीत दुसऱ्याचा सॅक्सोफोन वाजत होता, तो मला नको. मला आबांचा ऐकायचाय.